निघाला तो दिवस धरून

अकोल्याहून पातूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर माळ्यांची वस्ती असलेलं एक गाव आहे. त्या गावात कुणाची म्हैस गाभण राहिली, की मालक दुसऱ्या दिवशी सकाळी ओमप्रकाशच्या ओट्यावर येऊन बसायचा. म्हैस दहा महिने दहा दिवस, गाय नऊ महिने नऊ दिवस, कोंबडी एकवीस दिवस, एवढं तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. पण दहा महिने दहा दिवस म्हणजे नेमकी तारीख कोणती आणि वार कोणता, हे विचारायला ओमप्रकाशच लागायचा. तो डाव्या हाताच्या पेरांवरून अंगठा फिरवायचा, ओठ थोडे हलायचे, आणि समोरचा चहा निवायच्या आत उत्तर यायचं.

"बुधवार. पन मंगळवारपासून कुठं बाहेरगावी जाऊ नको."

"आन् चुकलं तं?" शेजारच्या शेताचे खुशालराव एकदा म्हणाले होते. ते वयाने बरोबरीचे, त्यामुळे चिडवायचा हक्क त्यांचाच.

"चुकलं तं म्हशीले विचार, बावा. तिनं कुठं दिवस खाल्ला ते तिलेच मालूम."

म्हैस चुकली नव्हती. म्हणजे बुधवारच निघाला होता.

लोक दवाखान्यात मिळालेली सुनेच्या बाळंतपणाची तारीखही त्याच्याकडून ताडून घेत. घरात कुणी गेलं तर दहावा कधी, तेरवी कधी, हे विचारायला माणूस यायचा. वीस वर्षांमागची तारीख सांगितली तर ओमप्रकाश वार सांगायचा. तो दहावीपर्यंत शिकलेला होता आणि यात काही विद्या आहे असं त्याला वाटत नव्हतं. साधं वर्ष गेलं की वार एकाने सरकतो, लीप वर्ष आलं की दोनाने. महिन्यांचे दिवस तर मुठीच्या उंचवट्यांवर मांडलेलेच आहेत. त्याच्या वडिलांनी त्याला फक्त एक नियम घालून दिला होता: निघाला तो दिवस धरून मोजायचं. रोप लावलं तो पहिला दिवस, म्हैस फळली तो पहिला दिवस, माणूस घरातून निघाला तोही पहिलाच दिवस. "निघाला त्या दिवशी तो घरी झोपला का? मंग तो दिवस वाटेचाच," असं वडील म्हणायचे. ओमप्रकाशने तो नियम कधी मोडला नाही.

या मोजण्याचा त्याच्या घराला खरा उपयोग होता तो झेंडूसाठी. दसरा दरवर्षी तारीख बदलतो. कधी ऑक्टोबर लागल्याबरोबर येतो, कधी महिना संपत आला तरी येत नाही. झेंडूला पंचांग कळत नाही, त्याला दिवस कळतात. त्यांच्या काळ्या जमिनीत, त्यांच्या विहिरीच्या पाण्यावर, लावणीपासून पंचावन्नाव्या दिवशी भरगच्च तोडा यायचा. तो तोडा दसऱ्याच्या आदल्या दिवशी यायला हवा. म्हणून दसऱ्यापासून मागे मोजत जायचं आणि जिथे अंगठा थांबेल त्या दिवशी रोपं लावायची. ओमप्रकाश हे मोजायचा आणि सगळं गाव त्या दिवशी लावायचं.

२०१८ साली दसरा अठरा ऑक्टोबरला, गुरुवारी होता. ओमप्रकाशने तारीख काढली चोवीस ऑगस्ट, शुक्रवार, राखीच्या दोन दिवस आधी. ओट्यावर जो आला त्याला त्याने ती सांगितली. त्याचा एकुलता एक मुलगा मनोज तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा होता. लग्नाला दोन वर्षं झाली होती. तो रोपांचे ट्रे उचलता उचलता म्हणाला, "बा, साऱ्यायले एकच तारीख कावून सांगून राहिले?"

"तारीख एकच हाये. दुसरी कुठून आनू?"

"चौघा-पाचजनायले चार दिवस पुढची सांगा ना."

"म्हंजे खोटं सांगू?"

"खोटं नाई. थोडं उशिरा," मनोज हसून म्हणाला. त्याची बायको गीतांजली दारात उभी होती, तीही हसली. ओमप्रकाशला त्यात हसण्यासारखं काही वाटलं नाही.

पंचावन्नाव्या दिवशी सगळ्या गावाची फुलं एकदम आली. एकही वाफा मागे राहिला नाही, एकही पुढे गेला नाही. अकोल्याचा फुलबाजार त्याच दुपारी भरून वाहिला, म्हणून मनोजने गावातल्या किशोरचा भाड्याचा टेम्पो भरला आणि अमरावतीला गेला. अंबादेवीला नवरात्रात दर्शनाची गर्दी असते, दसऱ्याला तर विचारायलाच नको. दसऱ्याच्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास त्याचा वडिलांना फोन आला.

"बा, फुलं उठूनच नाई राहिले. आपलं सारं गाव अथीच हाये. खुशालकाकाचाही माल माह्या बाजूलेच लागला."

"थांब दुपारलोक. लोकं सोनं लुटाले निघाले का उठतीन."

"बरं," मनोज म्हणाला.

तो वडिलांशी त्याचा शेवटचा शब्द. दुपारी त्याने टेम्पो एका मोकळ्या मैदानात नेऊन रिकामा केला. तसे ढीग तिथे आधीच बरेच पडले होते. मग किशोरला म्हणाला, तू हो पुढं, मी बडनेऱ्याहून गाडीनं येतो. किशोर रात्री गावात पोचला. मनोज आला नाही. त्याचा मोबाईल त्या संध्याकाळपासून बंद लागला तो कायमचाच.

घरात भांडण नव्हतं. कुणाचं देणंघेणं अंगावर आलेलं नव्हतं. पोलीस, नातेवाईक, मित्र, सगळे विचारून दमले. का गेला याचं उत्तर कुणाकडेच नव्हतं. ओमप्रकाशला फक्त एवढंच दिसत होतं की तारीख अगदी बरोबर निघाली होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी ओट्यावर बसून त्याचा अंगठा आपोआप पेरांवर फिरू लागला. "आज तिसरा," तो म्हणाला. माणिकबाईने, त्याच्या बायकोने, हातातली परडी खाली ठेवली आणि त्याची बोटं आपल्या मुठीत घट्ट धरली.

"त्याचं मोजाचं नाई."

"दिवस तं..."

"कोवळ्या काकडीले बोट दाखवलं का ते सडते. तुमाले मालूम नाई? साऱ्या गावाच्या म्हशी मोजा, माह्या पोराले बोट दाखवू नका."

त्या दिवसापासून ओमप्रकाशने मुलाचे दिवस मोजले नाहीत. हे त्याला जमलं, याचं त्याचं त्यालाच आश्चर्य वाटायचं. दुपारच्या सूर्याकडे पाहणं टाळावं तसं तो त्या तारखेकडे पाहणं टाळायचा. गावाला तारीख सांगणंही त्याने बंद केलं. त्याने काही फरक पडला नाही. आता मोबाईलला विचारलं की तोच दिवस मोजून देतो, आणि अजूनही सगळ्या गावाची फुलं एकाच सकाळी येतात.

गीतांजली माहेरी गेली नाही. अकोल्याच्या जठारपेठेत त्यांचं हारफुलांचं लहानसं दुकान होतं, तिथे ती सकाळी सातला बसायची. हात भराभर चालायचा, बोलणंही. गिऱ्हाइकाने भाव पाडला तर म्हणायची, "मावशी, देवाले हार घेऊन राहिले का माही परीक्षा?" गळ्यात मंगळसूत्र होतं, कपाळावर कुंकू होतं. महालक्ष्म्यांच्या हळदीकुंकवाला तिला बोलवावं की नाही हे गावातल्या बायकांना कळत नसे. शेवटी बोलवायच्या, पण सगळ्यात शेवटी. ती जायची आणि पटकन परत यायची. मागच्या साली माणिकबाईची कंबर धरली तेव्हा महिनाभर सासूला आंघोळ तिनेच घातली होती.

२०२५ च्या पोळ्यानंतर तिचा भाऊ ललित दर्यापूरहून आला. चहा झाला, पिकापाण्याचं झालं. मग तो बशीकडे पाहत बोलला.

"काकाजी, वाईट मानू नका. अंजनगावचे एक जन हायेत. पानमळा हाये. बायको दोन सालाखाली वारली. त्यायनं ताईले दुकानावर पाहिलं. मानूस चांगला हाये."

माणिकबाई उठून आत गेली.

"ताईले विचारलं का?" ओमप्रकाश म्हणाला.

"तिनंच मले बोलावलं."

ललितने अकोल्यात एका वकिलाला विचारून ठेवलं होतं. माणसाची सात वर्षं काही खबर नसेल तर तो मेला असं धरून मोकळं करा, असा अर्ज बायकोला कोर्टात करता येतो. पण ज्यांना खबर यायला हवी त्यांनी, म्हणजे आईबापाने, ती आली नाही असं शपथेवर सांगितलं तर काम सरळ होतं. नाही सांगितलं तर ते कुठवर ओढत जाईल ते वकीलही सांगू शकत नव्हता. आणि अंजनगावच्या माणसाला घरचे लोक बाकीची स्थळं दाखवत होतेच.

दोन दिवसांनी गीतांजली ओमप्रकाशला घेऊन वकिलाकडे गेली. वकील तरुण होता, बोलायला मऊ. त्याने विचारलं, "काका, शेवटचा फोन तुम्हालाच आला होता ना? मग सात वर्षं कधी होतात ते बघू." असं म्हणून त्याने मोबाईल हातात घेतला.

इतक्यात ओमप्रकाशचा अंगठा हलला. त्याने तो हलवला नव्हता. गुरुवार. सात वर्षं. त्यात वीस आणि चोवीस, दोन लीप. नऊ. नवातून सात गेले, दोन उरले, शनिवार. निघाला तो दिवस धरून म्हणून एक कमी.

"सतरा ऑक्टोबर. शुक्रवार," तो म्हणाला, आणि म्हटल्यावर आपण काय केलं ते त्याच्या लक्षात आलं. सात वर्षं झाकून ठेवलेलं एका श्वासात बाहेर पडलं होतं.

वकिलाने मोबाईलमध्ये पाहिलं. "जवळजवळ. अठरा, शनिवार. धनतेरसच आहे त्या दिवशी."

"सतरा. निघाला तो दिवस धरून."

"नाही काका. कायद्यात पहिला दिवस सोडतात. एकोणीस तारखेपासून मोजायचं."

"सोडतात?"

"हो."

"मंग त्या दिवसाचं काय होते?"

वकिलाने क्षणभर त्याच्याकडे पाहिलं. "त्या दिवसाचं काही होत नाही. तो मोजत नाहीत."

त्या दिवशी सकाळी दहाला फोन आला होता. त्या दिवशी त्याने थांब म्हटलं होतं. सगळं जे काही झालं ते त्या एका दिवसात झालं होतं, आणि कायदा तोच दिवस बाजूला ठेवत होता.

"तोवर काय राह्यते मंग?" त्याने विचारलं.

"तोवर आहे तसंच. नंतर दिवाळीची सुट्टी, कोर्ट उघडलं की अर्ज घालू."

"आहे तसंच म्हंजे जिता?"

"कागदावर, हो."

परतीच्या ऑटोत गीतांजली बराच वेळ बाहेर पाहत होती. मग म्हणाली, "मले मालूम होतं, मामाजी. शुक्रवारच आला होता माहाही. तुमच्यापरमानंच मोजलं."

"तुले कोनं शिकवलं?"

"ओट्यावर बसून साऱ्या गावाले शिकवता, मी घरातच होती ना. आत्याबाईनं तुमचा हात धरला. माहा कोनं धरला?"

सात वर्षं ती हार ओवता ओवता मोजत होती. त्याने विचारलं, "मंग मले कावून नेलं?"

"मी सांगून काय उपेग? मी सांगलं तं लोकं म्हनतीन, पोरीले घाई झाली. तुमच्या तोंडून निघाले पाह्यजे." ती थांबली. मग हळू म्हणाली, "घाई तं झालीच हाये, मामाजी. एकतीस वर्षं झाले मले. घाई कराले का पाप लागते?"

"नाई लागत," ओमप्रकाश म्हणाला.

घरी माणिकबाईने काही विचारलं नाही. दोन आठवडे तिने मिठाचा डबा द्या, पाणी सोडा, एवढंच बोलणं ठेवलं. पितृपक्षात पुरोहिताने दारातूनच मनोजचं नाव काढलं तेव्हा तिने त्याच्या झोळीत शिधा घातला आणि म्हणाली, "महाराज, जित्याचं जेवन घालत नसतात." मग एका सकाळी दोघं झेंडूतलं तण काढत होती. तिने खुरपं थांबवलं.

"एक फोन आलता म्हना."

"कोनाचा?"

"त्याचा. दोन सालाखाली. बोलला नाई जास्त, पन आवाज त्याचाच होता म्हना. माह्यानं सांगनं होत नाई, मले वकील आडवंतिडवं विचारीन. तुमी सांगा."

"आलता का?"

"आला असता तं?"

ओमप्रकाशने मूठभर तण उपटून बांधावर टाकलं. एक खोटं वाक्य सांगितलं तर मोजणी दोन वर्षांमागच्या त्या फोनपासून पुन्हा सुरू झाली असती. मनोज कागदावर आणखी पाच वर्षं जगला असता. आणि गीतांजली आणखी पाच वर्षं जठारपेठेत बसली असती, छत्तीस वर्षांची होईपर्यंत. हा हिशेबही त्याला करावा लागला नाही, तो आपोआपच झाला.

"आन् पोरीचं काय?" तो म्हणाला.

"पोरीचं मले दिसत नाई का? मी तिले वाईट बोलली का कवा? चांगली पोरगी हाये म्हनूनच तं..." तिने खुरपं पुन्हा मातीत रोवलं. "ती दुसरं घर पाहीन. पाहू दे. मी काय पाहू? गेलेल्याची वाट पाहाची रीत बारा वर्षांची हाये. रामालेही चौदा दिले होते. हे सात कोनं काढले?"

"सरकारनं."

"सरकारले पोरं नाईत का?"

माणिकबाईला नाही म्हणवत नव्हतं, आणि सुनेसमोर खबर आहे असं सांगणं जमणार नव्हतं. दोन्हीकडे त्याचीच माणसं होती. तो नुसता तण काढत राहिला, आणि एका वाफ्यात तणाबरोबर झेंडूचीही चार रोपं निघून आली तेव्हा माणिकबाईने ती त्याच्या हातातून घेऊन पुन्हा मातीत दाबली.

त्या वर्षी दसरा दोन ऑक्टोबरला आला. तिथीने मोजलं तर सात वर्षं त्याच दिवशी भरत होती. हे घरातल्या तिघांनाही ठाऊक होतं, आणि तिघांनीही त्याचा उच्चार केला नाही. संध्याकाळी लोक सोनं द्यायला आले. खुशालराव आपट्याची पानं हातात ठेवत म्हणाले, "ओमप्रकाश, सोन्यासारखा राह्य. यंदा फुलाईनं आपल्याले मारलं बावा. पुन्हा सारे एकदमच."

"मी तं कोनाले सांगलं नाई यंदा."

"तेच म्हनून राहिलो. तवा तुले शिव्या देता येत होत्या, आता मोबाईलले कोन देईन?"

ते हसले, ओमप्रकाशही थोडा हसला. खुशालरावांनी अमरावतीच्या त्या सकाळबद्दल त्याला कधी बोल लावला नव्हता. त्यांनी बोल लावला असता तर बरं झालं असतं, असं त्याला अनेकदा वाटायचं.

माणिकबाईने दरवर्षीप्रमाणे दोन पानं वेगळी काढून देवघराच्या कोनाड्यात मनोजच्या नावाने ठेवली. खाली मागच्या वर्षांची पानं होती, वाळून तपकिरी झालेली. गीतांजली वाकून पाया पडली तेव्हा माणिकबाईने तिला उठवलं, तिच्या हातात सोनं दिलं आणि तिचा हात नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ धरून ठेवला. मग सोडला.

धनतेरस गेली. त्या दिवशी काहीच झालं नाही. दुकानात गर्दी होती. गीतांजली संध्याकाळपर्यंत हार ओवत होती आणि ओमप्रकाश पोती सोडून फुलं ओतत होता. दिवे लागायच्या वेळी तिने एकदा मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. त्याने मान हलवली. तेवढंच. नंतर एक बाई आली आणि शेवंतीचा भाव विचारू लागली.

कोर्ट उघडल्यावर वकिलाने बोलावलं. ओमप्रकाश धुतलेला सदरा घालून गेला. निघताना माणिकबाई दारात उभी होती. तिने रोज म्हणते तसं "या" म्हटलं नाही.

वकिलाच्या खोलीत टेबलाच्या एका बाजूला तो बसला, दुसऱ्या बाजूला गीतांजली आणि ललित. वकिलाने विचारलं, "काका, मुलगा घरातून गेल्यापासून तुम्हाला किंवा तुमच्या बायकोला त्याची काही खबर? फोन, पत्र, कुणी पाहिल्याचं?"

ओमप्रकाशने तोंड उघडलं. एक फोन आलता म्हना, हे शब्द जिभेवर आले, माणिकबाईच्याच आवाजात. समोर गीतांजली टेबलाच्या कडेकडे पाहत होती. ती त्याच्याकडे पाहत असती तर कदाचित सोपं झालं असतं. ती मुद्दाम पाहत नव्हती, त्याच्यावर भार पडू नये म्हणून, हे त्याला कळलं. ललितने घसा खाकरला. बाहेर कुणीतरी झेरॉक्सवाल्याला हाका मारत होतं.

"नाई," तो म्हणाला.

"काहीच नाही?"

"नाई."

"शेवटचं बोलणं कधी झालं?"

"अठरा ऑक्टोबर, दोन हजार अठरा. गुरुवार. दसरा होता." मग थोडं थांबून तो म्हणाला, "तो दिवस धरून."

"काका, तो दिवस आपण सोडतो," वकील हलकेच म्हणाला.

"तुमी सोडा, साहेब. मी धरूनच सांगीन."

वकिलाने वाद घातला नाही. कागद छापून आला, त्याने दाखवलं तिथे ओमप्रकाशने सही केली. सही नेहमीसारखीच आली. गीतांजली उठली आणि सगळ्यांसमोर त्याच्या पायावर डोकं टेकून राहिली, जरा जास्तच वेळ. त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला. एरवी सुनेला द्यायचा आशीर्वाद एकच असतो, आणि तो द्यायची सोय त्याने आत्ताच स्वतःच्या सहीने मोडली होती.

"येते, मामाजी," ती म्हणाली. तिला फक्त दुकानावर जायचं होतं, संध्याकाळी ती घरीच येणार होती. तरी ते ऐकून तो दारापर्यंत तिच्या मागे गेला.

तो एकटाच घरी आला. माणिकबाई ओट्यावर बसून उरलेल्या झेंडूची बोंडं बियाण्यासाठी निवडत होती. तिने आत जाऊन चहा आणला, त्याच्यासमोर ठेवला आणि पुन्हा बोंडं घेतली.

"सांगलं?"

"सांगलं."

"नाई म्हनून?"

"हो."

ती रडेल असं त्याला वाटलं होतं. निदान बोलेल, सात वर्षांत साठलेलं सगळं बोलेल. तो त्यासाठी तयार होऊन आला होता. पण ती बोंडं निवडत राहिली. चांगली टोपलीत, पोचट खाली. बऱ्याच वेळाने तिने टोपली बाजूला सारली.

"आता मोजा."

"काय?"

"बारा वर्षं. सरकारचं झालं, आपलं राह्यलं. आपले बारा कवा भरतात ते मोजा."

ओमप्रकाश तिच्याकडे पाहत राहिला. "तूच म्हने, बोट दाखवू नका."

"आता काय कोवळं राह्यलं?" ती म्हणाली. मग जरा पुढे सरकून बसली. "त्या वकिलानं पहिला दिवस सोडला म्हनत होते तुमी?"

"हो. सोडून मोजलं का एक दिवस जास्त भेटते."

"मंग सोडून मोजा."

आयुष्यात पहिल्यांदाच ओमप्रकाशने निघाला तो दिवस सोडला. पुढची पाच वर्षं, त्यात अठ्ठावीसचं लीप.

"अठरा ऑक्टोबर, दोन हजार तीस," तो म्हणाला. "शुक्रवार."

"शुक्रवार," ती म्हणाली, जणू बाजाराचा वार ठरत होता. "म्हंजे आजपासून किती दिवस होतात?"

त्याने डावा हात मांडीवर उघडा ठेवला आणि अंगठा पहिल्या पेरावर टेकवला. माणिकबाई समोर बसून त्या बोटांकडे बघत होती. या वेळी तिने त्याचा हात धरला नाही. चहावर साय धरली, उन्हं ओट्यावरून उतरून अंगणात गेली, दोघांपैकी कुणी उठलं नाही. अंगठा पहिल्याच पेरावर होता.